पाण्यातलं शिवार (भाग 9) : मागूर वाढतो बोडीत, त्याची वीण होते बांधीत

गेल्या भागात रोहू-कतल्याचा हिशेब मांडला होता. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मागूर मात्र साचलेल्या पाण्यातलाच मासा, चिखलाचा आणि धानशेतीचा. मग सूरजागडकडच्या एखाद्या शेतकऱ्याने बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, चार-पाचशे मागूर सोडले, तर दुसऱ्या पावसाळ्यात बोडी पिल्लांनी भरून जायला हवी, असं कुणालाही वाटेल. बहुतेक वेळा तसं होत नाही. मासे जगतात, वाढतात, आषाढात माद्यांची पोटं फुगतात. पिल्लू मात्र जाळ्यात येत नाही.

आधी जागा बघू. गडचिरोलीच्या उत्तरेला आरमोरी-वडसा पट्ट्यात आणि शेजारी चंद्रपूरच्या सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे मालगुजारीच्या काळातले मोठे मामा तलाव आहेत. त्यांवर ढीवरांच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगराखाली, जमिनीला उतार जास्त आणि पाणी टिकायला अवघड. इथे माणसाच्या मालकीचं पाणी म्हणजे बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या वाफ्यांच्या, डोक्यावर असलेली काही गुंठ्यांची मातीची बोडी. मे महिन्यात तिच्यात गुडघाभर पाणी उरलं तरी खूप. अशा कोमट, गढूळ पाण्यात रोहू तोंड वर काढून मरतो. मागूर टिकतो, कारण त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडासारखा फांद्या फुटलेला एक अवयव असतो आणि त्याने तो थेट हवा घेतो. त्याची सोबतीण शिंगी हेच काम पाठीकडे शेपटीपर्यंत गेलेल्या दोन हवेच्या नळ्यांनी करते. (शिंगीच्या पंखाचा काटा विषारी असतो, हात घालणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.)

हवा घेण्याच्या या सवयीचा वाढीशी सरळ संबंध आहे. मागूर थोड्या थोड्या वेळाने तळातून वर येतो आणि परत जातो. बोडी दोन-अडीच मीटर खोल असेल, तर या फेऱ्यांतच त्याचं बरंच खाल्लेलं खर्ची पडतं. म्हणून मागुरासाठी मीटरभर पाणी उत्तम. उन्हाळ्याच्या सोयीसाठी एका कोपऱ्यात खोल खड्डा ठेवावा, सगळी बोडी खणत बसू नये.

मागूर निशाचर आणि मांसाहाराकडे झुकलेला. किडे, गांडुळं, गोगलगाई, कुजलेलं सगळं चालतं. खाद्य द्यायचं तर धानाचा कोंडा, शेंगदाण्याची ढेप आणि सुकट असं मिश्रण, तेही संध्याकाळी. नुसत्या कोंड्यावर तो जगतो, वाढत नाही. खाद्यात साधारण 30 टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात. बोटुकली सोडल्यापासून सात-आठ महिन्यांत शंभर-सव्वाशे ग्रॅम ही चांगली वाढ समजावी. रोहूच्या मानाने हे अगदीच थोडं वाटेल, पण बाजारात देशी मागुराचा भाव त्याच्या वजनाकडे बघून ठरत नाही. शास्त्रीय शिफारशींत दर चौरस मीटरला पाच ते सात बोटुकल्या सांगतात. पाणी बदलायची सोय असेल तर ठीक. पावसावर भरणाऱ्या बोडीत मी दोनच्या वर जाणार नाही. आणखी एक, सगळे मागूर सारखे वाढत नाहीत. काही पुढे निघतात आणि मागे राहिलेल्यांना खातात. महिन्या-दीड महिन्याने जाळं ओढून मोठे वेगळे काढले नाहीत, तर हिशेबातले मासे पोटातच गेलेले असतात.

आता वीण. मागूर साधारण वर्षाचा झाला की वयात येतो. नर-मादी ओळखायला पोट वर करून बघावं: नराचा जननेंद्रियाचा उंचवटा लांब, टोकदार, मादीचा गोल. जून ते ऑगस्ट हा त्यांचा हंगाम, पण नुसता महिना येऊन भागत नाही. पाणी चढायला हवं. पहिल्या दमदार पावसात नवं पाणी गवतावर पसरलं की मागूर बोडी सोडून उथळ बांधीकडे निघतो. ओल्या रात्री छातीच्या काट्यांवर भार देत पाळीवरूनही सरकतो. घोटाभर पाण्यात, धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेला, मऊ मातीत जोडी खळगा करते. चिकट अंडी गवताच्या मुळांना लागतात आणि नर राखण करतो. एका मादीची अंडी काही हजारच, रोहूसारखी लाखांत नाहीत. राखण आहे म्हणून तेवढ्यात भागतं. दिवसभरात किंवा थोडं उशिरा पिल्लं फुटतात, तीन-चार दिवस पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतात आणि मग त्यांना पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव लागतात. हवा घ्यायला ती शिकतात दहा-बारा दिवसांनी, तोवर त्यांनाही स्वच्छ, प्राणवायू असलेलं पाणी हवं.

बोडीत यातलं काय असतं? उभ्या कडा, तासलेलं गवत आणि मासे पळू नयेत म्हणून पाळीवर लावलेली जाळी. जाळी बरोबरच आहे, नाहीतर एका रात्रीत बोडी रिकामी होईल. पण मासा ज्या ओढीने पळतो तीच त्याच्या विणीची ओढ आहे. आपण ती अडवतो आणि पिल्लं नाहीत म्हणून बीजाला दोष देतो. अस्तर टाकलेल्या शेततळ्यात तर मागुराने अंडी घालावीत ही अपेक्षाच चुकीची. तिथे ना माती, ना मुळं.

हॅचरीत हे सगळं टोचून करतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने, म्हणजे ‘सिफा’ने, मागुराच्या प्रेरित प्रजननाची पद्धत बसवली. मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन साधारण सोळा-सतरा तासांनी पोट दाबून अंडी काढतात. नराचं वीर्य मात्र असं दाबून निघत नाही. त्याला मारून वृषण काढावे लागतात. दरवर्षी निवडक नर मारणारा हा धंदा, म्हणून बीज महाग आणि बऱ्याचदा मिळतही नाही.

गावपातळीवर माझ्या मते दुसरा मार्ग बरा. बोडीला लागून असलेली एक बांधी मागुराला द्यावी. मृगाआधी बोडीच्या पाळीत एक उथळ वाट काढून ती त्या बांधीला जोडावी आणि जाळी बोडीभोवती न लावता बोडी आणि बांधी दोन्हींच्या बाहेरून लावावी. धुऱ्याच्या आतल्या अंगाला हातभर रुंद खळगे करून त्यांत गवत राहू द्यावं. थायलंडमध्ये मागुराच्या जवळच्या भावंडाची वीण शेतकरी अशीच करत: तळ्याच्या कडेला खळगे, आधी पाणी कमी ठेवायचं, मग एकदम वाढवायचं. त्या बांधीत कीटकनाशक नको, आणि डोंगराकडून येणारं लाल गढूळ पाणी थेट आत नको. बारीक गाळ अंड्यांवर बसला की ती गुदमरतात. सूरजागडकडच्या लाल मातीत आम्लता असू शकते, म्हणून उन्हाळ्यात कोरड्या तळाला दहा गुंठ्यांमागे वीस-पंचवीस किलो चुना द्यावा. नेमका आकडा माती तपासून ठरवावा.

सोपा रस्ता दाखवणारे भेटतीलच. ‘थाई मागूर’ नावाने विकला जाणारा मासा थाई नाही, आफ्रिकेतला आहे. काही महिन्यांत किलोभर होतो, कोंबडीच्या दुकानातली घाणही खातो आणि समोर येईल तो देशी मासा गिळतो. केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात साठे नष्टही केले गेले. पुरात बोडी फुटली की तो नाल्यात जाणार आणि तिथून इंद्रावतीच्या खोऱ्यात. परत गोळा करता येणार नाही. ओळख शेपटीजवळ पाहा: देशी मागुराचा पाठीचा लांब पंख शेपटीच्या पंखाला जवळजवळ भिडतो, आफ्रिकीत मध्ये स्पष्ट मोकळी जागा दिसते. पंगास या दुसऱ्या बाहेरच्या माशाचं म्हणाल तर त्यावर बंदी नाही, पण तो बोडीत कधीच अंडी घालत नाही आणि इथल्या डिसेंबरच्या थंडीत खाणं सोडतो.

देशी मागूर आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. आणि आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे मारायची मौज असते. त्या दिवशी बांधीत हाताला लागणारी प्रत्येक मादी अंड्यांनी भरलेली असते. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात किंवा गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात बीजाची चौकशी जरूर करा. पण त्याआधी यंदा चढणीचे पहिले पंधरा दिवस आपल्या धुऱ्यावर सापळा लावू नका, आणि शेजाऱ्यालाही सांगा.