टोकन सगळ्यात शेवटी द्यावं

पुण्यात नोकरी लागते, पंधरा दिवसांत रुजू व्हायचं असतं आणि शहरात फारसं ओळखीचं कोणी नसतं. लातूर, नांदेड, जळगाव, चंद्रपूरहून येणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात अशीच होते. घर पक्कं करूनच निघावं असं घरच्यांना वाटतं, म्हणून मोबाइलवर फोटो पाहून टोकन पाठवलं जातं. पैसे एकदा गेले की पुढचे सगळे निर्णय त्या पैशांच्या दडपणाखाली होतात. म्हणून पैसे शेवटी द्यायचे, हे आधीच ठरवून टाकावं.

त्यासाठी थोडा वेळ हाताशी लागतो. पहिला महिनाभर पीजी, कॉट बेसिसवरची खोली किंवा नातेवाइकांकडचा मुक्काम, काहीही चालेल. पीजीचा तो खर्च वाया गेला असं वाटतं, पण चुकीच्या घरात अडकलं तर दलाली, लॉक-इन आणि पुन्हा सामान हलवणं यांत त्याहून बरंच जास्त जातं.

त्या महिन्यात रस्ता समजून घ्यावा. पुण्यातली अंतरं नकाशावर कळत नाहीत. ऑफिस हिंजवडीत आणि मावशी हडपसरला राहते म्हणून घरही हडपसरला घेतलं, तर रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावं लागतं. हिंजवडीसाठी वाकड, ताथवडे, बालेवाडी, पिंपळे सौदागर, तर खराडीसाठी चंदननगर, वडगाव शेरी, विमाननगर असा हिशेब लोक करतात, आणि तो बरोबर आहे. त्यातही ऑफिस हिंजवडीत असेल, तर फेज एकमध्ये की फेज तीनमध्ये, हे आधी विचारावं. संध्याकाळी त्या काही किलोमीटरचा फरक फार मोठा होतो. मेट्रो सध्या वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट धावते. या मार्गांजवळ घर आणि ऑफिस दोन्ही येत असतील, तर भाडं थोडं जास्त असलं तरी विचार करावा. मनात भरलेल्या भागातून कामाच्या दिवशी, ऑफिसच्याच वेळेला एकदा जाऊन यावं. रविवारी पाहिलेला रस्ता काही सांगत नाही.

मग पाणी. याबाबत मी आग्रही आहे, कारण नवा माणूस टाइल्स, बाल्कनी, मॉड्युलर किचन सगळं बघतो आणि नळ उघडून बघायचा राहून जातो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, पिसोळी ही त्या तेवीसांतली. इमारती तिथे आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून येत आहेत, त्यामुळे अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणीपुरवठा दिवसाआड झाला. पाण्याबद्दल एजंटला विचारून उपयोग नाही. गेटवरच्या वॉचमनला विचारावं, की एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात. लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंना विचारावं, की पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हेही तिथेच कळतं.

एजंटची दलाली पुण्यात साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. घर बघायला जाण्याआधीच ती ठरवून घ्यावी. फोनवर ‘फॅमिली की बॅचलर’ हा प्रश्न येतोच. काही ठिकाणी खाण्यापिण्याची, जातीधर्माचीही चौकशी होते. ही चौकशी मला अजिबात मान्य नाही. भाडं वेळेवर देणाऱ्या आणि घर नीट ठेवणाऱ्या माणसाकडे यापलीकडे काही मागायचा कोणाला काय अधिकार?

घर आवडलं की कागद. समोरचा माणूस खरा मालक आहे का, हे इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल यांवरच्या नावांवरून कळतं. मुलगा परदेशात आणि फ्लॅट आईवडील बघतात, असं पुण्यात पुष्कळ दिसतं. तिथे सही करणाऱ्याच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र मागावं. मागण्यात संकोच नको, सरळ मालक ते दाखवतो. ‘मी सैन्यात आहे, बदलीवर आहे, गेटपाससाठी थोडी रक्कम पाठवा, लगेच परत करतो’ असं सांगणारा भेटला तर फोन ठेवून द्यावा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

करार लिव्ह अँड लायसन्सचा होतो आणि तो बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मुदत वर्षाच्या आत ठेवली की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात खरी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. कायदा इतका तुमच्या बाजूने असताना नुसत्या नोटरीवर समाधान मानू नये.

खर्चही फार नाही. मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. महिना २०,००० रुपये भाडं, ६०,००० डिपॉझिट आणि अकरा महिने असतील, तर शुल्क सहाशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणी करणारा माणूस यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर दोघांचे अंगठे घेतो आणि काम होतं. त्याची स्वतःची फी वेगळी. हा सगळा खर्च कोण करणार, की निम्मा-निम्मा, हे बोलून घ्यावं.

अंगठा लावण्याआधी मसुदा घरी आणून शांतपणे वाचावा. लॉक-इन किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, मेंटेनन्स कोणाकडे, नूतनीकरणाला भाडं किती टक्के वाढणार, घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती. डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्यावं. ‘चावी दिली त्याच दिवशी’ हे सर्वांत चांगलं. हे ठरल्यावर टोकन, तेही मालकाच्या बँक खात्यात, कशासाठी दिलं ते मेसेजमध्ये लिहून. उरलेलं डिपॉझिट करार नोंदवताना. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवणं मालकाचं काम आहे. ते ऑनलाइन होतं, त्याची पोच मागून ठेवावी.

सामान आत जाण्यापूर्वी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढावा: भिंतींची ओल, फुटलेली टाइल, गिझर, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं. वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे त्यात दिसू द्यावेत, मागच्या बिलाची थकबाकी तपासावी आणि तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवून द्यावा. घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं यावर बोलणं होईल, तेव्हा दोघांसमोर तोच ठेवायचा असतो.