परटाच्या शेताजवळचं बोलणं

दिवाळी अंकाची शेवटची पानं राशिभविष्याची. बायबलमधल्या संदेष्ट्यांची पुस्तकंही लोक तशीच वाचतात. कुठं युद्ध पेटलं की कोणीतरी दानीएल उघडून तारखा जुळवायला बसतोच. मराठी बायबलनं शब्द मात्र नेमका निवडलाय : संदेष्टा, म्हणजे निरोप्या. आणि निरोप म्हटला की तो कोणासाठी, हे आधी विचारायला हवं.

यशयाचा सातवा अध्याय घ्या. साल इ.स.पू. 734च्या आसपास. अश्शूरचा तिसरा तिग्लथ-पिलेसर एकेक राज्य गिळत चाललेला. त्याच्याविरुद्ध अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह एक झाले, आणि यहूदाच्या आहाजला हटवून आपला माणूस गादीवर बसवायला यरुशलेमवर चालून आले. यशया आहाजला गाठतो ते दरबारात नव्हे, तर वरच्या तळ्याच्या पाटाशी, परटाच्या शेताच्या वाटेवर. वेढा पडला तर पाण्याचं काय, हे बघायला राजा आला असावा. मजकूर तसं सांगत नाही, पण अशा दिवसांत राजा पाटावर सहज फिरायला जात नाही. यशयाबरोबर त्याचा मुलगा आहे, शआर-याशूब. नावाचा अर्थ ‘उरलेले परततील’. निरोपच बोट धरून चालत आलाय म्हणा ना.

यशया सांगतो, या दोघा राजांना भिऊ नकोस, ती विझत आलेली कोलितं आहेत. मग तो खूण देतो : एका तरुणीला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल, ‘देव आमच्यासंगे’. त्याला बरंवाईट कळू लागायच्या आत या दोघांचे मुलूख ओस पडतील. म्हणजे खुणेला मुदत आहे, आणि ती मोजक्या वर्षांची. 732मध्ये अरामचं दमास्कस पडलं, 722च्या सुमारास इस्राएलचं शोमरोन. सातशे वर्षांनी जन्मणारं येशूबाळ आहाजच्या काय उपयोगाचं होतं?

आहाजनं ऐकलं नाहीच. मंदिरातलं सोनंचांदी काढून त्यानं अश्शूरच्या राजाकडे धाडलं. खंडणी देणाऱ्यांच्या अश्शुरी यादीत त्याचं नाव कोरलेलं आहे.

घोळ पुढं भाषांतरात झाला. हिब्रू ‘अल्मा’ म्हणजे वयात आलेली मुलगी; ग्रीक भाषांतरात तिची ‘पार्थेनोस’, कुमारी, झाली आणि मत्तयनं आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मासाठी तेच उचललं. 1952मध्ये एका इंग्रजी आवृत्तीनं ‘तरुणी’ छापलं, तर अमेरिकेत एका पाळकानं ते पान जाळलं! मत्तयला मी खोटा म्हणणार नाही. जुन्या शब्दांत आपला काळ वाचायची तेव्हा रीतच होती. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्यांमधली हबक्कूकच्या पुस्तकावरची टीका बाबेलच्या खास्द्यांच्या जागी सरळ ‘कित्तीम’ वाचते, म्हणजे रोमन.

दानीएलचं गणित वेगळं. अकराव्या अध्यायात सीरियाच्या ग्रीक राजा चौथ्या अँटिओकसच्या हालचाली, इ.स.पू. 167मधली मंदिराची विटंबनासुद्धा, बारकाईनं येतात. त्याच्या मरणाचं ठिकाण मात्र चुकतं. तो मेला 164मध्ये, दूर पूर्वेकडे. लिहिणाऱ्याचा ‘आज’ कुठं होता ते इथं कळतं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या पोर्फिरी या तत्त्वज्ञानं या पुस्तकाचा काळ अँटिओकसचाच ठरवला होता.

परटाच्या शेताची ती वाट यशयाच्या पुस्तकात पुन्हा एकदा येते. साल 701. गादीवर आहाजचा मुलगा हिज्कीया. त्याच पाटापाशी आता अश्शूरचा सरदार उभा आहे, आणि तटावरच्या माणसांना कळावं म्हणून मुद्दाम त्यांच्याच बोलीत ओरडतोय.