आडनावात रक्त किती, गाव किती?

आयर्लंडमधली अनेक जुनी आडनावं वंशावरून पडली. ‘ओ’ म्हणजे नातू, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. सुमारे हजार वर्षं ती बापाकडून मुलाकडे येत राहिली, आणि वाय गुणसूत्रही त्याच वाटेने येतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २००६ मध्ये या दोहोंची सांगड घातली. वायव्य आयर्लंडमधल्या दर पाच पुरुषांपैकी साधारण एकात वाय गुणसूत्राची एकाच जवळच्या गटातली ठेवण सापडली, आणि उई नील या मध्ययुगीन राजकुळाशी जोडलेल्या आडनावांत ती विशेष दिसली. पैठण तालुक्यातल्या पाचोडसारख्या गावात असा अभ्यास करायचा तर आडनाव हा धागा पुरेल का? मला वाटतं, नाही पुरणार. मराठी आडनाव बहुतेक वेळा रक्त सांगत नाही. ते गाव सांगतं किंवा वतन.

पाटील, कुलकर्णी, देशमुख ही हुद्द्यांची नावं. पाटील गावोगाव होता, म्हणून दोन गावांच्या पाटलांचा पूर्वज एक असण्याचं कारण नाही. इंग्लंडमध्ये ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. त्या आडनावाच्या पुरुषांत वाय गुणसूत्राचं वेगळं साम्य आढळत नाही, ते याचमुळे. गावावरून पडलेल्या नावाची गोष्ट निराळी. पाचोडात सगळेच पाचोडचे, तिथे ‘पाचोडकर’ म्हणून कुणाला वेगळं काढता येत नाही. त्या नावाला अर्थ येतो गाव सोडल्यावर. गोव्यातलं मंगेशी सोडून नाटकात आलेल्या दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं, ते असंच. अर्थात वतनदार घराणी आपल्याच गावाचं नाव लावून तिथेच राहिलेली दिसतात, पण तिथेही नाव जमिनीवरच्या हक्काचं आहे. सर्वांत बोलका पुरावा कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. १९४८ नंतर यांतली पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली आणि कोकणातल्या गावांची नावं तिथे पोहोचली. एखादा पेणकर हिंदू असेल, एखादा ज्यू. दोघांत सामाईक आहे ते पेण.

यावर आक्षेप येईल, की जाधव, मोरे, साळुंखे ही तर कुळांची नावं. आक्षेप वजनदार आहे. सिंदखेडच्या लखुजी जाधवांचं घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचं वंशज मानत असे, आणि देवगिरी पाचोडच्याच जिल्ह्यात आहे. त्या एका घराण्यापुरता दावा खरा धरला, तरी तो प्रत्येक जाधवाला लागू होत नाही. हे आडनाव मराठा, महार, धनगर अशा अनेक समाजांत आहे. सोयरीक जुळवताना लोकही नुसत्या आडनावावर थांबत नसत, कूळ आणि देवक विचारत. रक्ताच्या नात्याची नोंद त्यांनी आडनावाबाहेर ठेवली होती, आणि माझ्या मते हा साऱ्या पुराव्यांतला सर्वांत भक्कम आहे. त्यात काळाचीही अडचण आहे. जुन्या कागदांत माणूस ‘अमुक वलद तमुक, मौजे पाचोड’ असा येतो. बऱ्याच घरांत कायमचं आडनाव रुळलं ते शाळेचा दाखला आणि सरकारी दप्तर यांच्या काळात, म्हणजे मोजक्या पिढ्यांपूर्वी. म्हणून इथे नमुने गोळा करणाऱ्याने आडनावाच्या रकान्याशेजारी मूळ गाव, कूळ, देवक आणि आठवत असतील तितक्या पूर्वजांची नावं लिहून घ्यायला हवीत. वाय गुणसूत्र जुळवायचं ते त्या नोंदींशी.