‘आपल्याकडे मुखवटानाट्य नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

कोरियातल्या ‘तालचुम’ या मुखवटे घालून सादर होणाऱ्या नृत्यनाट्याला युनेस्कोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हापासून हा विषय निघाला, की पुण्यातल्या जाणत्या नाट्यरसिकांकडूनही ऐकावं लागतं : ‘महाराष्ट्रात असलं काही नाही. मुखवटेच बघायचे तर कथकळी बघा.’

कथकळीत मुख्य पात्रांचे चेहरे रंगवलेले असतात, मुखवटे नव्हेत. आणि महाराष्ट्रात बोहाडा आहे! जव्हार-मोखाड्यात आहे, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांच्या गावांत ग्रामदेवतेपुढे रात्र-रात्र सोंगं नाचतात. आधी गणपती, शारदा. मग रावण, त्राटिका, नरसिंह, वेताळ. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, सोबत संबळ आणि सनई. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. एवढं सगळं समोर असताना ‘आपल्याकडे नाही’ असं कुणी म्हटलं, की राग येतो. आपण कधी त्या बाजूला फिरकलो नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ‘ती मिरवणूक झाली, नाटक कुठंय? संवाद कुठे आहेत?’ तालचुममधली पात्रं बोलतात, उमरावांची आणि ढोंगी भिक्षूंची भर मैदानात टर उडवतात, प्रेक्षकही मधे बोलतात. बोहाड्यात शब्दांचं काम पावलं आणि संबळ करतात. रावण कोण आणि त्राटिका कोण, हे चालीवरून कळतं. पात्र आहे, कथा आहे, संघर्ष आहे, प्रेक्षक आहेत. नाटक म्हणायला आणखी काय हवं?

आणखीही गैरसमज ऐकू येतात. ‘हा जादूटोण्याचा प्रकार.’ नाही, हा गावदेवीचा उत्सव आहे.

‘रामायण-पुराणांशी आदिवासींचा काय संबंध?’ वरची सोंगांची नावं पुन्हा वाचा.

‘मुखवटे सगळीकडे पिढ्यान्‌पिढ्या जपतात.’ बोहाड्याचे जपतात. कोरियात बोंगसानच्या तालचुम परंपरेत मात्र प्रयोगानंतर ते जाळून टाकत.

पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संग्रहालय आहे. बोहाड्याचे मुखवटे आधी तिथे बघा, मग बोहाड्याच्या दिवसांत एखाद्या रात्री मोखाड्याला जा. आणि तिथे गेल्यावर कुणाच्या घरचा मुखवटा भिंतीवर टांगायला विकत मागू नका. त्याची पूजा होते.