पाहुण्याला जरा सावलीत बसू द्या

प्रवाळ म्हटले, की आपल्याला अंगठीतले तांबडे पोवळे आठवते. आमच्या घरी त्याला मरजान म्हणतात. सराफ त्याला रत्नांत बसवतो, पण तो असतो भूमध्य समुद्रातल्या एका प्राण्याचा सांगाडा. मऊ प्रवाळ हे याच पोवळ्याच्या दूरच्या गोतावळ्यातले. दोघांच्याही अंगावर फुलासारखी इवली इवली तोंडे असतात, आणि प्रत्येक तोंडाभोवती मोजून आठ बोटे, पिसासारखी झालर असलेली. फरक एवढाच, की मऊ प्रवाळाला दगडी सांगाडा नाही. अंगात चुन्याच्या बारीक सुया विखुरलेल्या, बाकी सारा डौल पाण्याच्या जोरावर. बाहेर काढले, की ओल्या चामड्यासारखा लोळागोळा.

घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवणारी मंडळी सुरुवातीला बहुधा हेच आणतात. त्यातही छत्रीच्या आकाराचे, ज्याला दुकानात ‘लेदर कोरल’ म्हणतात ते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो, “चाचा, मेलं वाटतं.” कवीला हे कोण विचारणार, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या टाकीत असे एक प्रवाळ बरीच वर्षे नांदते आहे, म्हणून विचारतात. आणि बहुतेक वेळा ते मेलेले नसते.

मुळात ते जगते कसे, ते पाहू. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करून असते. हे शेवाळ उजेडावर अन्न तयार करते आणि घरमालकाला त्याचा मोठा वाटा देते. आता प्रवासात पिशवीत अंधार. घरी पोचल्यावर मालक कौतुकाने झगझगीत निळे-पांढरे दिवे पूर्ण लावतो. अंधाराला सरावलेल्या शेवाळाला तो उजेड पेलत नाही, त्यातून प्राणवायूचे घातक प्रकार तयार होतात, आणि प्रवाळ या भाडेकरूंनाच बाहेर काढते. ते गेले, की रंग गेला आणि शिधाही. समुद्र तापल्यावर प्रवाळाची बेटे पांढरी पडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे हेच बिनसणे असते.

म्हणून पहिल्या दिवशी दिवे बंद. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. तेवढ्यात आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी होते. मग पिशवीतले पाणी प्रवाळासकट एका भांड्यात घ्यावे आणि हवेच्या पंपाच्या नळीला सैलशी गाठ मारून टाकीतले पाणी त्यात थेंब थेंब सोडावे. पाऊण तास तरी. कारण मिठाचे आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. दुकानदाराच्या टाकीत ते कमी-जास्त असू शकते. प्रवाळाच्या अंगातले खारेपण भोवतालच्या पाण्याइतकेच असते. ते एकाएकी बदलले, तर पेशी फुगतात नाहीतर आकसतात. नंतर बुंधा नीट निरखावा, कारण गोगलगायीच्या जातीचे किडे आणि त्यांची अंडी तिथेच दडतात. ते पाणी टाकीत ओतू नये. आणि हाताळताना हातमोजे हवेतच. दुकानांत मऊ प्रवाळांच्या रांगेत बटणांसारखे दिसणारे काही जीव ठेवलेले असतात, त्यांतल्या काहींचे विष फार जहाल असते.

टाकीत त्याला तळाशी, आडोशाला बसवावे. दिव्यांचा जोर निम्मा, आणि तो दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. पाणी खेळते हवे, पण पंपाची धार थेट अंगावर नको.

आणि आता तो फोन येण्याचा दिवस. छत्री आक्रसते, बोटे आत जातात, अंगावर मेण चोपडल्यासारखा चकाकणारा पापुद्रा येतो. लोक घाबरून त्याची जागा बदलतात, दिवा बदलतात, औषध घालतात, पिचकारीने भरवू पाहतात. यातच ते खरोखर मरते. हा पापुद्रा म्हणजे त्याचे अंग धुणे आहे. साचलेला मळ, शेवाळ त्याबरोबर निघून जाते. चार दिवस लागतील, कधी दोन आठवडेही. पुढे सरावल्यावरही अधूनमधून ते असे करतेच. मेले की नाही, ते डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखावे. सडका वास आला, बुंधा लिबलिबीत होऊन विरघळू लागला, तरच बाहेर काढा. तेव्हाही चांगला भाग कापून वाचवता येतो.

शेजारही पाहावा. दिसायला गरीब असलेला हा प्राणी पाण्यात विषारी रसायने सोडतो आणि शेजारचे दगडी प्रवाळ खुरटते. म्हणून अंतर ठेवावे, गाळणीत सक्रिय कोळसा ठेवावा.

आपल्याकडचा खरा शत्रू मे महिना. टाकीला २४ ते २६ अंश मानवतात, आणि मुंबई-कोकणात खोलीतच पारा तिशीपलीकडे जातो. थंडावा देणारे यंत्र परवडत नसेल, तर हा शौक करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. उकाड्यात पाणी उडते, मीठ मात्र खालीच राहते. म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंपही जवळ असावा.

राहिला प्रश्न, आणायचे कुठून? समुद्रातून तोडून मुळीच नाही. दगडी प्रवाळे आणि पंख्यासारखी समुद्रव्यजने २००१ साली १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आली. ती बाळगणे गुन्हा आहे. मऊ प्रवाळ घेतानाही ते कुठून आले, हे विचारावे, पावती मागावी. सर्वांत चांगले म्हणजे कुणाच्या टाकीत वाढलेल्याचा तुकडा. माझे असेच आले. मित्राने त्याच्या छत्रीची कड धारदार पात्याने कापली, तुकडा खडी भरलेल्या वाटीत, संथ पाण्यात ठेवून दिला. तीनेक आठवड्यांत त्याने एक खडा धरला, आणि तो खडाच उचलून मी घरी आणला.