विश्लेषण : गाणे तेच, वर्ष तेच… मग एका रेकॉर्डला १४ हजार पौंड का? जुन्या सोल रेकॉर्डच्या लेबलांचे गणित

सात इंची रेकॉर्ड. वर्ष १९६६. गायक डॅरेल बँक्स, गाणे ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’. ब्रिटनमध्ये हे गाणे ‘स्टेटसाइड’ या लेबलवर निघाले आणि ती रेकॉर्ड शोधणाऱ्याला आजही मिळते. त्याच गाण्याची, त्याच वर्षी, त्याच देशात ‘लंडन’ या लेबलवर छापलेली एक प्रत २०१४ मध्ये विक्रीला आली आणि तिला १४,५४३ पौंड मिळाले. ‘स्टेटसाइड’च्या प्रतीची किंमत या रकमेच्या पासंगालाही पुरत नाही. आवाज तोच, वाद्येही तीच. फरक आहे तो मधल्या गोल कागदाचा. एवढा भाव कागदाला का मिळावा?

नेमके काय घडले होते?

मूळ गाणे अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातले, ‘रेव्हिलॉट’ नावाच्या छोट्या कंपनीचे. तिथल्या ‘आर अँड बी’ यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. साहजिकच ब्रिटनमधल्या कंपन्यांना ते हवे होते. त्या काळी डेक्का ही कंपनी अमेरिकी गाणी ‘लंडन’ या लेबलखाली काढत असे आणि तिची प्रतिस्पर्धी ईएमआय ‘स्टेटसाइड’ या लेबलखाली. (आपल्याकडे एचएमव्हीच्या कुत्र्यामुळे घरोघरी माहीत झालेली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया याच ईएमआय घराण्यातली.) डेक्काने रेकॉर्ड छापूनही टाकली. मात्र हक्क ईएमआयकडे असल्याचे ठरले आणि ‘लंडन’ची छपाई मागे घेऊन नष्ट करण्यात आली. आधी वाटलेल्या काही नमुना प्रती तेवढ्या संग्राहकांच्या हाती राहिल्या. दुकानात विकण्यासाठी छापलेली प्रत मात्र एकही उरली नसल्याचे मानले जात होते. २०१४ मध्ये समोर आली ती नेमकी अशी प्रत.

म्हणजे पैसे मोजले गेले ते दोन कंपन्यांच्या भांडणाच्या शिल्लक राहिलेल्या पुराव्यासाठी.

पण ब्रिटनमध्ये याचे एवढे वेड का?

सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. चर्चमधली गॉस्पेल गायकी आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून ते घडले. डेट्रॉइट, मेम्फिस, शिकागो ही त्याची मोठी केंद्रे. मात्र तिथे विस्मरणात गेलेल्या, मुळात न चाललेल्या गाण्यांवर उत्तर इंग्लंडमधली कामगार वस्तीतली मुले रात्रभर नाचू लागली. पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील आणि १९७३ ते १९८१ या काळात चाललेला विगन कसिनो हे तिथले गाजलेले क्लब.

इथे एक उलटा नियम होता. गाणे जितके कमी लोकांकडे, तितका ते वाजवणाऱ्या डीजेचा मान मोठा. त्यामुळे डीजे मूळ लेबलवर पांढरा कागद चिकटवत आणि त्यावर गायकाचे व गाण्याचे खोटे नाव लिहीत. दुसऱ्या डीजेला गाणे सापडू नये, हा हेतू. लेबल हीच माहिती असल्यामुळे लपवायचेही लेबलच.

एकाच कंपनीची इतकी वेगवेगळी लेबले कशी?

याचे उत्तर चित्रकाराच्या टेबलापेक्षा करारांच्या फायलीत जास्त सापडते.

मोटाउनचे उदाहरण घेऊ. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलरचे कर्ज घेऊन कंपनी सुरू केली. पहिले लेबल ‘टॅमला’. त्याच्या सुरुवातीच्या पिवळ्या लेबलवर आडव्या रेघा होत्या, नंतर पृथ्वीचे गोल आले. पुढे ‘मोटाउन’ लेबल निघाले. निळ्या रंगाच्या या लेबलवर डेट्रॉइट परिसराचा नकाशा आणि शहराच्या जागी लाल तारा. जांभळ्या ‘गॉर्डी’ लेबलवर तर ‘महत्त्व खाचांमध्ये काय आहे त्याला’ अशा अर्थाचे घोषवाक्यच छापलेले असे. (आज त्याच लेबलवरचे वाक्य भिंगातून तपासून किंमत ठरवली जाते, हा भाग वेगळा.) एकाच घरातून इतकी लेबले काढण्याचे एक कारण रेडिओ. एकाच कंपनीची गाणी सतत वाजवली तर पैसे घेतल्याचा संशय येईल, म्हणून स्टेशने हात आखडता घेत. वेगळे नाव, वेगळा रंग म्हणजे रांगेत आणखी एक जागा.

याच कंपनीचे बॅरेट स्ट्राँग यांनी गायलेले ‘मनी’ हे गाणे १९५९ मध्ये आधी ‘टॅमला’वर निघाले. देशभर माल पोहोचवण्याची ताकद या नव्या कंपनीकडे नव्हती. मग तेच गाणे गॉर्डींच्या बहिणीशी संबंधित ‘ॲना’ लेबलवर गेले. त्यामुळे ‘टॅमला’वरची प्रत आधीची, ‘ॲना’वरची नंतरची.

ब्रिटनमध्ये मोटाउनची गाणी ज्या लेबलांवरून फिरली ती यादी म्हणजे भाडेकरूने घरे बदलावीत तशी आहे. सुरुवातीला लंडन, मग फॉन्टाना, मग ओरिओल, १९६३ पासून स्टेटसाइड आणि अखेर मार्च १९६५ मध्ये स्वतःचे ‘टॅमला मोटाउन’. या शेवटच्या लेबलची पहिली रेकॉर्ड टीएमजी ५०१, सुप्रीम्सचे ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’. ओरिओल काळात विक्री बेताची होती, त्यामुळे त्या प्रती आज दुर्मीळ. लेबल पाहिले की रेकॉर्ड कोणत्या काळातली, हे दोन-तीन वर्षांच्या अंतराने सांगता येते.

मेम्फिसच्या स्टॅक्सची कथा याहून कडू आहे. या कंपनीचे मूळ नाव सॅटेलाइट. कॅलिफोर्नियात त्याच नावाची दुसरी कंपनी निघाल्यामुळे १९६१ मध्ये जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या भावा-बहिणीने आपापल्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ केले. मार-कीजच्या ‘लास्ट नाइट’ची रेकॉर्ड मूळ नावाने, म्हणजे ‘सॅटेलाइट’च्या लेबलवरच निघाली होती. त्यानंतर फिकट निळ्या लेबलवर रेकॉर्डची चळत असलेले बोधचिन्ह आले. वितरण होते न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीकडे. डिसेंबर १९६७ मध्ये ओटिस रेडिंग विमान अपघातात गेले. त्यानंतर काही महिन्यांतच करार संपवण्याची वेळ आली, तेव्हा स्टॅक्सच्या लक्षात आले, की आजवरच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी करारानुसार अटलांटिककडे गेली आहे. म्हणजे दुकान उघडे, पण गोदाम रिकामे. १९६८ मध्ये स्टॅक्सने नव्याने सुरुवात केली ती चुटकी वाजवणाऱ्या हाताच्या चिन्हासह, पिवळ्या लेबलवर. निळे आणि पिवळे यांच्यामधली रेघ म्हणजे एका कंपनीने आपला सगळा जुना ठेवा गमावल्याची तारीख आहे.

लेबलवरच्या बारीक अक्षरांत काय शोधतात?

ब्रिटिश ईएमआयच्या रेकॉर्डवर १९६० च्या दशकाच्या मध्यापासून साधारण १९६९ पर्यंत एक ओळ दिसते. ही रेकॉर्ड ठरलेल्या किरकोळ किमतीच्या अटीवर विकली आहे, असा तिचा आशय. ही ओळ किंमत-नियंत्रणाच्या कायद्यामुळे आलेली. त्यामुळे १९६६ च्या गाण्याच्या लेबलवर ती नसेल, तर प्रत बहुधा नंतर छापलेली आहे.

दुसरी खूण नमुना प्रतीची. रेडिओ आणि समीक्षकांना पाठवायच्या ईएमआय प्रतींवर मोठे ‘ए’ अक्षर असे. आधी पांढऱ्यावर लाल, नंतर हिरव्या-पांढऱ्या रंगात. अमेरिकेत बहुतेकदा पांढरे लेबल आणि ‘विक्रीसाठी नाही’ अशी सूचना. या प्रती संख्येने कमी आणि पहिल्या छपाईतल्या, म्हणून महाग. काही रेकॉर्डच्या लेबलमध्येच आरपार भोक पाडलेले दिसते. तो न खपलेला, सवलतीत काढून टाकलेला माल. दुकानदाराने तो पूर्ण किमतीने परत करू नये म्हणून ही सोय. नॉर्दर्न सोलचे कित्येक ‘हिरे’ अशाच गोदामांतून उचललेले आहेत.

कारखाना बदलला तरी लेबल बदलते?

बदलते, आणि इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला यातला हाच भाग सर्वात रंजक वाटतो. अमेरिका मोठी, रेकॉर्ड जड. म्हणून एकच गाणे एकाच आठवड्यात देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या कारखान्यांत छापले जाई. प्रत्येक ठिकाणचे अक्षरवळण, रंगाची छटा, गायकाच्या नावाची जागा थोडी वेगळी. त्यामुळे दोन लेबले वेगळी दिसली की एक खोटे, असे होत नाही. दोन्ही अस्सल असू शकतात.

व्हिनाइलच्या रेकॉर्डला लेबल चिकटवलेले नसते. गरम व्हिनाइलचा गोळा आणि वर-खाली दोन कागद एकत्रच दाबयंत्रात जातात, कागद प्लास्टिकमध्ये बसतो. त्याआधी लेबले भट्टीत वाळवावी लागतात, नाहीतर कागदातल्या ओलाव्याची वाफ होऊन फोड येतात. काही कारखाने मात्र व्हिनाइलऐवजी स्टायरीन वापरत. ते प्लास्टिकच्या खेळण्यासारखे साच्यात सोडले जाते आणि लेबल नंतर लावले जाते. म्हणून स्टायरीनच्या रेकॉर्डचे लेबल कडेने सुटते. अननुभवी माणसाला ती बनावट वाटते, जाणकाराला कारखान्याची ओळख पटते.

कारखान्याची खरी सही मात्र लेबलच्या बाहेर, शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर असते. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात तिथे त्रिकोण आणि पुढे चढत जाणारा क्रमांक कोरत. त्यावरून महिना-दोन महिन्यांच्या फरकाने तारीख काढता येते. मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग कंपनीत मोटाउनचा बराच माल छापला जाई. तिची खूण ‘एआरपी’. १९७२ मध्ये हा कारखाना जळाला, तेव्हा ही खूण असलेली प्रत त्याआधीचीच.

बनावट माल कसा ओळखतात?

फ्रँक विल्सन यांचे ‘डू आय लव्ह यू’ हे याचे सर्वात प्रसिद्ध प्रकरण. मोटाउनच्या ‘सोल’ लेबलसाठी १९६५ मध्ये सुमारे २५० नमुना प्रती छापल्या. विल्सन यांनी गायनाऐवजी निर्मितीकडे वळायचे ठरवले आणि जवळपास सगळ्या प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. २०२० मध्ये एका प्रतीचा व्यवहार एक लाख पौंडांना झाल्याचे वृत्त आले. मधल्या काळात हेच गाणे ‘एडी फॉस्टर’ या भलत्याच नावाने चोरून छापले गेले आणि क्लबमध्ये वाजले. १९७९ मध्ये टॅमला मोटाउनने ब्रिटनमध्ये ते रीतसर काढले. म्हणजे एकाच गाण्याला आज तीन प्रकारची लेबले आणि तीन टोकाच्या किमती.

नकली लेबल बहुधा मूळ लेबलचा फोटो काढून केलेले असते. भिंगाखाली रंगात बारीक ठिपके दिसतात किंवा अक्षरांच्या कडा पसरलेल्या असतात. मूळ छपाईत रंग सपाट आणि भरीव असतो. कागद जमला तरी पट्टीवरच्या खुणा जमत नाहीत. अस्सल प्रतीवर ठसा उमटवलेला असताना नकलीवर बऱ्याचदा हाताने ओरखडलेला क्रमांक सापडतो. म्हणूनच महागड्या रेकॉर्डच्या जाहिरातीत फक्त लेबलचा फोटो असेल, तर खरेदीदाराने त्या पट्टीचा फोटो मागावा.

जुन्या मालकाने लेबलवर पेनाने लिहिलेले नाव किंवा लावलेला स्टिकर यामुळे किंमत उतरते. तरीही तो खरवडून काढू नये. फाटलेला कागद स्टिकरपेक्षा जास्त नुकसान करतो.

यातला पैसा गायकाला मिळतो का?

नाही. जुनी प्रत पुन्हा विकली की पैसे विकणाऱ्याला आणि मध्यस्थाला मिळतात. गायक, गीतकार किंवा वादकांना त्यात वाटा नसतो. त्यांच्या दृष्टीने लेबलवरची सर्वात महत्त्वाची ओळ म्हणजे गाण्याच्या नावाखाली कंसात छापलेले गीतकाराचे नाव, कारण मानधन त्यावर ठरते. ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’वरूनही असाच वाद झाला. गाणे आपले असल्याचा दावा गायक-गीतकार डॉनी एल्बर्ट यांनी केला आणि अखेर श्रेय दोघांत वाटले गेले.

डॅरेल बँक्स यांना फेब्रुवारी १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये एका पोलिसाने झाडलेली गोळी लागली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कबरीवर २००४ पर्यंत नाव नव्हते. त्या वर्षी सोल संगीताच्या चाहत्यांनी वर्गणी काढून तिथे कांस्य फलक बसवला. त्यानंतर दहा वर्षांनी त्यांच्या नावाचे लेबल असलेली ती रेकॉर्ड विकली गेली.