आपला सातबारा आपणच वाचावा

मंडळी, तुम्हाला आता अक्षरं ओळखता येतात. सहीही करता. तरी सातबारा हाती आला की अजून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघता. आम्ही म्हणतो, एक दिवस एकटंच बसा आणि तो कागद स्वतः वाचा. घाई कसली आहे?

सातबारा म्हणजे दोन नमुने. वरचा गाव नमुना सात. जमीन कुणाची, किती, तिच्यावर कुणाचा हक्क, हे त्यात असतं. खालचा नमुना बारा. त्यात पिकं. आधी गट नंबर बघा. मग खातेदाराचं नाव. नावाला कंस केला असेल, किंवा त्यावर रेघ मारली असेल, तर ती नोंद रद्द झाली असं समजा. शेजारचा आकडा फेरफाराचा. नाव कशानं लागलं, ते त्या फेरफारात सापडतं.

'इतर हक्क' हा रकाना लोक सोडून देतात. तिथंच तर खरी गोम! कर्जाचा बोजा तिथं असतो. कर्ज फिटलं तरी तो आपोआप उतरेलच असं नाही. फेडल्याचा दाखला देऊन तो कमी करून घ्यावा लागतो.

आता क्षेत्र. इथं 'हे. आर. चौ. मी.' अशी अक्षरं असतात. म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. आर हा जवळजवळ गुंठ्याएवढाच. पण एकरात गुंठे 40, आणि हेक्टरात आर 100. तेव्हा 1.20.00 म्हणजे एक एकर वीस गुंठे नव्हे. ते झाले 120 आर, म्हणजे सुमारे तीन एकर.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक विधवा बाई येत. रानाचे बांध त्यांना ठाऊक होते, पण रान किती, ते कागद बघून दीर सांगे, "एक एकर वीस गुंठे, वहिनी." तेवढ्याचाच खंड तो त्यांच्या हाती ठेवी.

एका रात्री त्या एकट्याच कागद घेऊन बसल्या. बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. 'हे' पाशी अडल्या. सकाळी आमच्या दारात उभ्या. "गुरुजी, ह्ये 'हे' म्हंजी काय?"

आम्ही तेवढंच सांगितलं. (एका शब्दाचा अर्थ विचारला, तर वाचन दुसऱ्याचं होत नाही.) हिशेब त्यांनीच पाटीवर मांडला. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा बरोबर आला.

दीर फसवत होता की स्वतःच चुकला होता, ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या हंगामाला खंड मात्र तीन एकरांचा आला.